सुट्या तेरा

निपाणीत, जत्राटवेशीजवळच्या घरात
आईच्या एकवीस वह्या ट्रंकेतून काढल्या
तेव्हा पानांमधून तंबाखूची भुकटी सांडली
आणि मला लागोपाठ तीन शिंका आल्या.
अक्षर मुनिमाचं, अंक कन्नड.
आईला मराठीही तितकीच परकी,
ती पेरांवर मोजायची,
पेरांना लिपी नसते.

कंत्राटदाराचा हिशेब गुळगुळीत होता:
अडुसष्ट लाख पन्नास हजार.
दोननं भाग जातो, पाचनं जातो, पंचविसानं जातो,
कुणीही यावं, वाटा उचलावा, बाकी शून्य.

मी छाट धरली.
पान फाटकं, तोंड सैल, दोरा ढिला म्हणत
सुपातून रोज उचललेली,
मुनिमानं कोपऱ्यात लाल शाईनं टिपलेली,
जिचे पैसे कधी मिळाले नाहीत
पण जी तिनं वळलीच होती.
पाच लाख त्रेचाळीस हजार नऊशे तेरा.

बेरीज: ७३,९३,९१३.

सदलग्याच्या शाळेत सातवीला गणित शिकवते मी,
खोड जात नाही.
अंकांची बेरीज पस्तीस, म्हणजे तीन गेला.
सातनं बाकी दोन. अकरानं दहा. तेरानं सात.
दोन रविवार, मध्ये एकदा लाईट गेली,
तीनशे सत्त्याण्णव भागाकार
आणि शेवटचा दोन हजार सातशे एकोणीसनं:
बाकी नऊशे बावन्न.
त्यापुढं बघायची गरज नव्हती.
मूळ संख्या.
सीमाभागात जन्म गेला माझा,
भाग न जाणारं काही
पहिल्यांदाच हाती आलं.

सहज उजवीकडचा तीन अंगठ्यानं झाकला.
७,३९,३९१. हीसुद्धा मूळ.
एक झाकला. ७३,९३९. मूळ.
झाकत गेले. ७,३९३. ७३९. ७३.
शेवटी वहीवर एकटा सात उरला, तोही तसाच.

या प्रत्येक आकड्यावरून आई गेलीच असणार,
मोजणी कुणालाच उडी मारू देत नाही.
सातवी विडी: थोरलीच्या सुपातून चोरलेलं पान,
वय आठ, विडी वाकडी.
सातशे एकोणचाळिसावी कुठं, ते कुणालाच ठाऊक नाही.
त्र्याहत्तर हजारांच्या आसपास शाळा सुटली.
आणि सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्क्याण्णवावी वळताना
मी पोटात होते.
जर्द्याच्या वासानं मळमळून ती मोरीकडं गेली असेल,
चूळ भरून परत आली असेल
आणि घेतली असेल तीनशे ब्याण्णवावी.

उजवीकडं आणखी एक तीन लिहून पाहिला.
७,३९,३९,१३३.
म्हणजे आईसारख्या दहा बायका
आणि वर तीन विड्या.
तीही मूळ, पण तिथं संपतं.
त्यापुढं कुठलाही अंक जोडा, तुटते.

आई दारात बसली होती.
अंगठ्याचं नख अजून पिवळं.
मी म्हटलं, तुझ्या विड्यांना कशानंच भाग जात न्हाई,
एक आणि ती स्वतः सोडून.
ती म्हणाली, "पंचविसानं बी न्हाई?"
"न्हाई. दोन लाख पंच्याण्णव हजार सातशे छप्पन कट्टे,
वर तेरा सुट्या."

"मग बारा कमी हैत की," ती म्हणाली,
"तेरा सुट्या कशाला ठेवायच्या?"

बारा घातल्या की पाच शेवटी येतो,
पंचविसानं भाग जातो,
माझे दोन रविवार वाया.
हे सांगायला तोंड उघडलं
तर तिनं ओंजळीएवढ्या मांडीवर
हवेतलं पान उलटं करून घेतलं होतं.
चौदावी. पंधरावी.
नसलेला दोरा तिनं दातानं तोडला.